बटणावरची चोरी: पोकरमध्ये ब्लाइंड कधी उचलायचे, याच्या नोंदी

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार, रात्री उशिरा

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय. आमचा शनिवारचा पोकर, कोथरूडला मित्राच्या घरी, आठ जण, प्लॅस्टिकच्या चिप्स, पैसे अजिबात नाहीत, वहीत पॉइंट लिहितो आणि जो पहिला बाहेर जाईल त्याने पुढच्या शनिवारी सगळ्यांना भेळ आणायची. आमच्यातले दोघं आधी ऑनलाइन खेळायचे, पण ऑगस्टमध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैशाची टेबलं बंद झाली, तेव्हापासून ते दोघंही इथेच असतात आणि त्यामुळे टेबल बरंच कडक झालंय.

आज सहावा आलो. एकही मोठा डाव हरलो नाही आणि तरी सहावा, हे मला झोपू देत नाहीये. मी नुसता चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसलो होतो. घरी येऊन कागदावर मांडलं, होल्डेममध्ये हातात येणाऱ्या दोन पत्त्यांच्या एकूण जोड्या १३२६. त्यातल्या ज्यांच्यासाठी मी थांबलो होतो त्या म्हणजे दश्शीपासून एक्क्यापर्यंतच्या पाच जोड्या, प्रत्येकीचे ६ प्रकार म्हणजे ३०, आणि एक्का-राजा १६ प्रकार, झाले ४६. म्हणजे साधारण २९ डावांत एकदा. आठ जणांच्या टेबलावर २९ डाव म्हणजे साडेतीन फेऱ्यांहून जास्त, आणि २००/४०० च्या लेव्हलला (छोटा ब्लाइंड २००, मोठा ४००) दर फेरीला ६०० जातात, म्हणजे एक चांगला हात येईपर्यंत २१०० च्या वर चिप्स नुसत्या बसून गेल्या. माझ्याकडे तेव्हा ४००० होत्या.

म्हणजे वाट बघणं फुकट नाहीये. वाट बघायची किंमत दर फेरीला मोजावी लागते आणि ती कुठून तरी भरून काढायला पाहिजे. ती म्हणजे स्टील, सगळ्यांनी फोल्ड केलं (पत्ते टाकले) की आपण शेवटच्या सीटवरून रेझ करायचं (बोली वाढवायची) आणि दोन्ही ब्लाइंड उचलायचे.

(माझ्या भाच्यासाठी लिहून ठेवतो, त्याचा हमखास गोंधळ होतो: तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता खेळणं. इथे ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटायच्या आधी बटणाच्या (वाटणाऱ्याची खूण, दर डावाला एक सीट पुढे सरकते) डाव्या हाताच्या दोघांनी सक्तीने ठेवायच्या चिप्स, पहिल्याचा स्मॉल ब्लाइंड, दुसऱ्याचा बिग. बूटसारखंच, फक्त बूट सगळे ठेवतात, इथे दोघंच.)

प्रोजेक्टचा नियम: कट-ऑफ (बटणाच्या लगेच उजवीकडची सीट), बटण किंवा स्मॉल ब्लाइंडला असताना माझ्यापर्यंत सगळे फोल्ड होत आले की तो डाव लिहायचा, रेझ केला तरी आणि नाही केला तरी. सीट, पत्ते, लेव्हल, माझ्या चिप्स, मागे कोण बसलंय, किती रेझ केलं, काय झालं. टेबलावर फोन बंद असतो म्हणून खिशात छोटी डायरी.

९ नोव्हेंबर, रविवार

आज फक्त भाव काढला. १००/२०० ला मध्ये ३०० पडलेत. मी आत्तापर्यंत सवयीने तिप्पट म्हणजे ६०० करायचो. ३०० मिळवायला ६०० लावतोय म्हणजे ९०० पैकी ६००, तीनात दोनदा दोघांनीही फोल्ड केलं तर कुठे बरोबरीत. ५०० केलं तर साडेबासष्ट टक्के, ४०० केलं तर सत्तावन्न. चोरी तीच, माल तोच, फक्त मी दर वेळी जास्त भाडं भरत होतो!

दुसरी गोष्ट, साडेबासष्ट टक्के हे दोघांचं मिळून आहे. प्रत्येकाने साधारण ७९ टक्के वेळा फोल्ड केलं तरच दोघं मिळून तिथे पोचतात. म्हणजे मागच्या प्रत्येकाने पाचात एकदाच खेळलं तर ही चोरी, माझे पत्ते कसेही असोत, बरोबरीत सुटते. पाचात एक म्हणजे १३२६ पैकी २६५ जोड्या. आमच्या टेबलावर पाचातल्या चार हातांना कोण सोडतं? सीए सोडतात. डॉक्टर सोडतात. वहिनी बहुतेक. काका अजिबात नाही. हे मी आज खुर्चीत बसून लिहितोय, शनिवारी बघू.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पहिली रात्र. चिप्स ५०००, सुरुवात २५/५० ने. पहिल्या तीन लेव्हल मी काहीच चोरलं नाही आणि ते बरोबर होतं असं वाटतं. ७५ चिप्ससाठी ५००० मधला भाग धोक्यात घालायचा, मिळणार किती तर दीड टक्का. लास वेगासला वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटमध्ये ६०,००० चिप्स देतात आणि १००/२०० पासून सुरुवात होते, म्हणजे तिथे पहिल्या लेव्हलला दोन्ही ब्लाइंड मिळून स्टॅकचा (आपल्याकडच्या एकूण चिप्सचा) अर्धा टक्का, आणि लेव्हल दोन दोन तासांची. तिथल्या माणसाला घाई नाही. आमच्याकडे वीस मिनिटांत लेव्हल बदलते, दीड तासात हीच चोरी जगण्याचा प्रश्न होते.

आजचा एक डाव पूर्ण लिहितो कारण तो मला पुन्हा पुन्हा आठवतोय.

१००/२००. बटण माझ्यासमोर (आमचं बटण म्हणजे कॅरमचा जुना स्ट्रायकर). सगळे फोल्ड. माझ्याकडे किल्वरचा राजा, चौकटची अठ्ठी. स्मॉल ब्लाइंडला सीए, बिग ब्लाइंडला काका. ५०० केले. सीएंनी पत्ते सरकवले. काकांनी पत्त्यांकडे नीट बघितलंसुद्धा नाही, त्यांनी स्वतःच्या समोरच्या दोनशेच्या चिप्सकडे बघितलं, त्यावर अजून तीनशे ठेवले आणि म्हणाले, "माझे दोनशे आत पडलेत, ते असे कसे सोडू?"

फ्लॉप (टेबलावर उघडलेले पहिले तीन सामाईक पत्ते) बदाम राणी, चौकट नव्वी, बदाम चौकी. माझं काहीच नाही. ५५० लावले, काका कॉल (तेवढेच भरले). टर्नला (चौथा पत्ता) किल्वरची चौकी, मी म्हटलं आता घाबरतील, १२०० लावले, काका कॉल. रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) दुर्री, मी चेक (काही न लावता पुढे), काका चेक, काकांकडे इस्पिकची नव्वी आणि तिर्री. ३०० साठी निघालो होतो, २२५० देऊन आलो.

घरी येताना गाडीवर मनात काकांनाच दोष देत होतो, नव्वी-तिर्रीला कोण कॉल करतं. पण मग हिशेब केला तर काका चुकलेच नव्हते. माझे ५००, सीएंचे १००, त्यांचे स्वतःचे २००, मध्ये ८०० होते आणि त्यांना फक्त ३०० घालायचे होते. म्हणजे ११०० मधले ३००, साधारण २७ टक्के वेळा जिंकले तरी परवडतं. आणि राजा-अठ्ठीसमोर नव्वी-तिर्री त्याहून बऱ्यापैकी जास्त वेळा जिंकते. पुढे फ्लॉपवर घाबरून सोडणारा माणूस असता तर तो कॉल महाग पडला असता, पण काका घाबरत नाहीत. काकांचं ते "माझे दोनशे" हे कारण चुकीचं आहे, आत पडलेल्या चिप्स आता त्यांच्या नाहीत, पॉटच्या (मधल्या ढिगाच्या) आहेत. पण उत्तर बरोबर आलं.

चूक माझी. ज्याला चोरी कळतच नाही त्याच्याकडे चोरी करायला गेलो, आणि तो जात नाही म्हटल्यावर अजून दोनदा ढकलून बघितलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज सहा वेळा संधी, चार वेळा रेझ, तीन यशस्वी. चौथा डाव लिहितो.

१५०/३००. मी बटणावर, ६००० च्या आसपास चिप्स. राणी-सत्ती, वेगवेगळ्या रंगांचे. स्मॉल ब्लाइंडला भाचा, बिग ब्लाइंडला डॉक्टर. डॉक्टर म्हणजे आमच्यातला सगळ्यात शांत खेळाडू, पाचात चार सोडणारा, म्हणून मी खुशाल ७५० केले. भाचा फोल्ड. डॉक्टरांनी चष्मा वर केला, पत्ते परत बघितले आणि म्हणाले ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स आत. मोजले तर एकूण १९००, ब्लाइंड धरून.

मी दोन मिनिटं बसलो आणि फोल्ड केलं. राणी-सत्ती घेऊन ऑल-इन कॉल करायची लाज वाटली, खरं तेच.

आता घरी मांडतो. मध्ये माझे ७५०, भाच्याचे १५०, डॉक्टरांचे १९००, एकूण २८००. मला घालायचे होते ११५०. ३९५० मधले ११५० म्हणजे २९ टक्के. डॉक्टरांकडे एक्का-अठ्ठी धरली तरी राणी-सत्ती तीनात एकाहून जास्त वेळा जिंकते. म्हणजे कॉल हाच बरोबर होता. राजाची किंवा एक्क्याची जोडी निघाली असती तर वाईट, पण सहा-सव्वासहा बिग ब्लाइंड उरलेला माणूस फक्त तेवढ्यावर थांबत नाही, थांबूच शकत नाही.

पण खरी चूक कॉल न करणं ही नाहीये, तिच्या आधीची आहे. मी डॉक्टरांचा स्वभाव बघितला, त्यांच्या चिप्स बघितल्या नाहीत. ज्याच्याकडे सहा ब्लाइंड उरलेत त्याला माझ्या रेझवर कॉल करून फ्लॉप बघायला जागाच नाही, त्याच्याकडे फक्त दोन गोष्टी, सोडणं किंवा सगळं ढकलणं. आणि त्याने ढकललं की माझ्या ७५० मुळे मला पॉटमधून बाहेर पडणं परवडत नाही. म्हणजे राणी-सत्ती घेऊन मी अशा ठिकाणी गेलो जिथून परत यायची वाट मीच बंद केली होती. अशा माणसासमोर एक तर आपणच त्याच्या स्टॅकएवढं ढकलायचं, म्हणजे निर्णय त्याच्याकडे जातो, नाहीतर सरळ फोल्ड. मधलं काही नाही.

डायरीत नवीन कॉलम: मागच्यांच्या चिप्स किती ब्लाइंड.

२९ नोव्हेंबर, शनिवार

लग्न होतं, खेळ नाही. रात्री लॅपटॉपवर पायथॉनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. मला एकच गोष्ट बघायची होती, हातात एक्का असला की मागच्यांकडे एक्का असायची शक्यता खरंच किती कमी होते, का नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतात.

माझ्याकडे एक्का नसेल तर उरलेल्या ५० पत्त्यांत चार एक्के, मागच्या दोघांच्या चार पत्त्यांत एकही एक्का नसायची शक्यता ७०.९ टक्के. माझ्याकडे एक एक्का असेल तर ७७.४. साडेसहा टक्क्यांचा फरक! एक्क्याची जोडी तर समोरच्याकडे ६ ऐवजी ३ प्रकारांनीच येऊ शकते, आणि एक्का-राजा १६ ऐवजी १२.

ज्या चोरीचं गणित बासष्ट-त्रेसष्टवर अडलंय तिथे पाच-सहा टक्के म्हणजे खूप. म्हणून एक्का-तिर्री हा खेळायला वाईट पण चोरायला चांगला हात. उलट दश्शी-नव्वी एका रंगाची, तिच्यात समोरच्याला अडवायचं काही नाही, पण कॉल आला तर फ्लॉपवर बरंच काही जमू शकतं. आत्तापर्यंत मी सगळ्या हातांकडे एकाच प्रश्नाने बघत होतो, हा चांगला का वाईट. आता दोन प्रश्न झाले: हा हात लोकांना फोल्ड करायला लावतो का, आणि नाही केलं तर पुढे चालतो का.

६ डिसेंबर, शनिवार

संधी आठ, रेझ तीन. पत्ते वाईट नव्हते, काका माझ्या डाव्या हाताला बसले होते. माझ्या बटणाला काका स्मॉल ब्लाइंडला, माझ्या कट-ऑफला बटणावर, आणि मी स्मॉल ब्लाइंडला तर काका बिग ब्लाइंडला. अख्खी रात्र सोडत बसलो आणि तरी चौथा आलो. सीटच्या चिठ्ठ्या काढतो त्यातच अर्धी रात्र ठरते की काय असं वाटायला लागलंय.

शेवटी ठरलं की पुढच्या वेळेपासून पाचव्या लेव्हलनंतर अँटी (ब्लाइंडशिवाय दर डावाआधी ठेवायच्या जादा चिप्स) घ्यायची. आठ जणांनी दर डावाला सुट्ट्या चिप्स टाकण्यापेक्षा बिग ब्लाइंडवाल्यानेच सगळ्यांची मिळून एक अँटी ठेवायची, २०१८ पासून वर्ल्ड सीरिजमध्येही ही पद्धत आली. डाव पटापट होतात, "अँटी कोणाची राहिली" हा वाद नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

अँटीने सगळा खेळ बदलला. २००/४०० आणि ४०० अँटी, म्हणजे एकही पत्ता खेळायच्या आधी मध्ये १०००. दुप्पट, म्हणजे ८०० रेझ केला तर १८०० पैकी ८००, साडेचव्वेचाळीस टक्क्यांना बरोबरी. अँटी नसती तर हेच ८०० लावायला सत्तावन्न लागले असते. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा चोरी फसली तरी चालतंय!

पण बिग ब्लाइंडलाही तेच स्वस्त झालंय, त्याला ४०० घालून १८०० साठी लढायचंय, अठरा टक्के पुरतात. पुस्तकी हिशेबाने त्याने जवळजवळ काहीही सोडू नये. आमच्याकडे मात्र लोक अजून जुन्या सवयीने सोडतायत, सीएंनी तर आज माझ्या समोर लागोपाठ तीनदा सोडलं. त्यांना हे कळायच्या आधीचे जे चार-पाच शनिवार आहेत ते माझे.

आणखी एक, आता दर फेरीला १००० जातात. पोकर खेळाडू पॉल मॅग्रियलचा जो एम म्हणतात तो हाच, स्टॅक भागिले ब्लाइंड आणि अँटी. ५००० असतील तर एम ५, म्हणजे काहीच न करता पाच फेऱ्या जगाल. मी आज चिप्स मोजायच्या ऐवजी फेऱ्या मोजायला लागलो आणि मग एक्क्या-राजाची वाट बघायचा मोह आपोआप सुटला.

२० डिसेंबर, शनिवार

तिसरा आलो, पहिल्यांदा पॉइंटमध्ये. पण लिहायचंय ते वहिनींबद्दल.

वहिनी कमी बोलतात, कमी खेळतात. आज माझ्या डाव्या हाताला त्याच होत्या. मी बटणावरून लागोपाठ तिसऱ्या फेरीला रेझ केला, २००/४०० ला ९००, हातात गुलाम-छक्की. वहिनींनी चहाचा कप बाजूला ठेवला, दोन ढीग उचलले, २७०० केले आणि म्हणाल्या, "भाऊजी, स्ट्रायकर तुमच्यापुढे आला की तुमचा हात आधी चिप्सकडे जातो, मग पत्त्यांकडे."

फोल्ड केलं. त्यांनी पत्ते दाखवले नाहीत, मी विचारलेही नाहीत.

हे खरं होतं, मी नंतर लक्ष देऊन बघितलं. चोरायचं आधीच ठरलेलं असलं की माझा उजवा हात चिप्सवर जाऊन बसतो, आणि खरा हात असला की मी पत्ते दोनदा बघतो. म्हणजे मी दीड महिना सगळ्यांना सांगत होतो आणि वाचणारी एकच व्यक्ती निघाली. आता नियम: आधी पत्ते, मग मागच्यांच्या चिप्स, मग तीनपर्यंत मोजणं, मग काय ते. हात मांडीवर.

आणि प्रत्येक बटण चोरायचं नाही. गुलाम-छक्कीसारखे हात मी फक्त "बटण आहे" म्हणून खेळत होतो. वहिनींसारखं कोणी मागे असेल तर तळाचा एक तुकडा सोडून द्यायचा, म्हणजे त्यांच्या रेझसमोर माझ्याकडे उरलेल्या हातांत टिकाव धरणारे जास्त असतील.

३ जानेवारी २०२६, शनिवार

चौघं उरले, पॉइंट तिघांना. माझ्याकडे मधला स्टॅक होता, सीएंकडे मोठा, भाचा आणि डॉक्टर अगदी लहान. सीएंनी आज कमाल केली, जवळजवळ दर डावाला रेझ, आणि मी फोल्ड करत राहिलो कारण दोन लहान स्टॅक माझ्याआधी जायची वाट बघत होतो. ते सीएंना माहीत होतं. सगळ्यात जास्त घाबरतो तो मधला स्टॅकवाला, लहानवाल्याला गमवायला काही नसतं. आत्तापर्यंत मी डायरीत "मागे कोण" लिहीत होतो, त्यात "त्याला आत्ता कशाची भीती आहे" हेही यायला हवं. आज ती भीती माझी होती, म्हणून नीट कळली.

२४ जानेवारी, शनिवार

नऊ शनिवार झाले, आज डायरी बेरीज करून बघितली. संधी ६१. रेझ ३४. दोघांनीही, किंवा मागे जितके होते त्या सगळ्यांनी, फोल्ड केलं असं २१ वेळा. म्हणजे बासष्ट टक्क्यांच्या जवळ, अडीच पटीच्या रेझला जेवढं लागतं जवळपास तेवढंच. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाईट वाटलं, एवढं करून बरोबरीतच?

मग मागे कोण होतं त्याप्रमाणे वेगळं केलं. काका बिग ब्लाइंडला असताना ९ वेळा रेझ, २ वेळा चाललं. बाकी सगळे मिळून २५ वेळा, १९ वेळा चाललं, म्हणजे ७६ टक्के. ३४ डाव म्हणजे काही फार नाहीत, अँटीवाले आणि बिनअँटीवाले एकत्रच मोजलेत, पण एवढा फरक नुसत्या नशिबाचा वाटत नाही. आणि त्या ९ पैकी ६ वेळा मी पंधरा नोव्हेंबरनंतर, सगळं कळून, तरी रेझ केलाय. पत्ते बघितले की काका विसरायला होतं.

काकांसमोर काय करायचं हेही आता लिहून ठेवतो. चोरायचं नाही, विकायचं. एक्का-दश्शी, राजा-राणी, मधल्या जोड्या आल्या की अडीच पट नाही तर साडेतीन-चार पट, कारण ते तसेही कॉल करणार, आणि फ्लॉपवर काही लागलं की फ्लॉप, टर्न, रिव्हर, तिन्ही वेळा चिप्स मागायच्या. काही लागलं नाही की एकदाही ढकलायचं नाही. राजा-अठ्ठी तिथे फोल्ड.

पुढच्या शनिवारच्या चिठ्ठ्या आजच निघाल्या, काका माझ्या डाव्या हाताला दुसरे. म्हणजे माझं प्रत्येक बटण त्यांच्या बिग ब्लाइंडवर. डायरीच्या नव्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेनाने मोठा "का" लिहून ठेवलाय, पान उघडलं की आधी तोच दिसेल.